काश्मीरच्या वाटेवरचा थकवा

प्रवासाहून परत आले की लोक विचारतात, काय काय पाहिले? किती थकलात आणि थकल्यावर एकमेकांशी कसे वागलात, हे कोणी विचारत नाही. आम्हालाही कोणी विचारले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही. आज सांगते.

मे 2023 मध्ये आम्ही सहाजण दौंडहून काश्मीरला गेलो. सासूबाई, आम्ही दोघे नवरा-बायको, माझी नणंद, चौदा वर्षांची थोरली आणि आठ वर्षांचा धाकटा. सासूबाईंना आम्ही सगळेच अम्मी म्हणतो. त्यांचे वय अडुसष्ट. गुडघे दुखतात, बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे, सकाळी एक गोळी नाश्त्याच्या आधी आणि एक नंतर. ही सहल मुळात त्यांचीच होती. माझे सासरे, अल्लाह त्यांची मगफिरत करो, ट्रक चालवायचे. सफरचंदाच्या हंगामात त्यांची गाडी काश्मीरहून पुण्याच्या मार्केट यार्डात यायची. घरी येताना एक लाकडी पेटी आणि अक्रोडाची पिशवी असायची, आणि दर वेळी एकच वायदा, "पुढच्या खेपेला तुला नेतो." बायकोला ट्रकमध्ये बसवून काश्मीरला कोण नेते? तो वायदा तसाच राहिला आणि अब्बा गेले. म्हणून यांनी ठरवले की अम्मींना तो रस्ता दाखवायचा. विमानाने नाही, रस्त्याने.

हेतू चांगला होता. पण बेत आम्ही मोबाईलवर बसून आखला. मीच आखला, खोटे कशाला बोलू. सात दिवस. पहिल्या दिवशी जम्मूला उतरून थेट श्रीनगर, त्याच संध्याकाळी दल सरोवरात शिकारा. मग गुलमर्ग, पहलगाम, सोनमर्ग, दूधपथरी, मुघल बागा, हजरतबल. एक दिवस रिकामा म्हणून नव्हता. एवढा खर्च करून जायचे तर काही सुटायला नको, हा आमचा हिशेब. अम्मींना यादी वाचून दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवायचं कधी?" आम्ही हसलो.

झेलम एक्स्प्रेस आम्हा दौंडकरांच्या ओळखीची गाडी. संध्याकाळी बसायचे, दुसरा दिवस पूर्ण गाडीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जम्मू. पहिली रात्र मजेत गेली. सुके चिकन, दशम्या, शेंगांची चटणी. पोरांनी वरचे बर्थ पटकावले. खरा प्रवास सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी. सकाळी इटारसी, मग भोपाळ, दुपारी झाशी. आमचे तिकीट साध्या स्लीपरचे होते. मे महिन्यातली ग्वाल्हेर-आग्र्याकडची दुपार ज्याने खिडकीशी बसून काढली आहे त्यालाच कळेल. लू म्हणजे काय ते पुस्तकात वाचून समजत नाही. टॉवेल भिजवून खिडकीला लावला की दहा मिनिटांत कोरडा. लोखंडाला हात लावला की चटका.

मथुरेच्या पुढे माझे लक्ष अम्मींच्या पायांकडे गेले. चपलेचा पट्टा घोट्यात रुतला होता. पाय लटकवून एकाच जागी बसून पाणी पायात उतरते, सूज येते. दर तासाला उठून डब्यात चार पावले चालावे, निदान बसल्या जागी पंजे वर-खाली हलवावेत. हे आमच्या डॉक्टरांनी निघण्याआधी सांगितले होते, पण मी पोरांची भांडणे सोडवण्यात ते विसरले. पाय बर्थवर घेऊन चोळायला बसले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. सकाळी त्यांना दिलेली पाण्याची बाटली तशीच भरलेली होती.

"अम्मी, पाणी का नाही प्यायलात?"

"सारखं उठावं लागतं बेटा. हलत्या गाडीत तोल जातो."

भगिनींनो, हे फक्त अम्मींचे नाही. नणंदेने पाणी प्यायले नव्हते. मीही नाही. आपण बायका प्रवासात पाणी पीत नाही, कारण पुढे जागा कशी मिळेल याचा भरवसा नसतो. एस.टी.ने माहेरी जातानाही आपण हेच करतो. मग डोके ठणकते, तोंडाला कोरड पडते, चिडचिड होते आणि आपण म्हणतो, प्रवास सोसला नाही. प्रवास बिचारा काय करणार, शरीरात पाणीच नाही. पुरुषांना याचा पत्ताही नसतो. ते दर स्टेशनवर उतरून चहा पितात आणि परत येऊन विचारतात, तुमचे चेहरे असे का?

त्या रात्री मी जवळजवळ झोपले नाही. मधला बर्थ उघडायचा तर खाली कोणी बसलेले चालत नाही आणि अम्मींना बसूनच बरे वाटत होते. दिल्लीला गर्दी चढली. धाकटा दोनदा उठला. पहाटे पठाणकोटच्या आसपास डोळा लागला तोच उतरायची घाई सुरू झाली.

जम्मूला उतरलो तेव्हा शहाणपण हे होते की स्टेशनजवळ एखादी खोली घ्यावी, अंघोळ करावी, दिवसभर झोपावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघावे. नणंद तसे म्हणालीही. पण यादीत संध्याकाळचा शिकारा होता, हॉटेलचे पैसे भरलेले होते. स्टेशनबाहेर एका टपरीवर पराठे खाल्ले आणि सुमो ठरवून निघालो. अम्मींनी गोळी घेतली आणि पराठा अर्धा टाकला. मला दिसले. मी म्हटले, पुढे खातील.

जम्मू ते श्रीनगर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे एवढे अंतर पाच-सहा तासांचे. तिथे हिशेब किलोमीटरवर चालत नाही, डोंगर ठरवतो. उधमपूरपर्यंत बरे होते. तिथून पुढे धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. त्याला मागच्या सीटवर बसवला होता आणि त्याच्या हातात मोबाईल होता. डोळे स्थिर पडद्यावर आणि शरीर वळणावर वळणावर हेलकावे खाते, दोघांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळते. साधी गोष्ट. मोबाईल काढून घ्यावा, मुलाला पुढे बसवावे, लांबचा डोंगर बघ म्हणावे, काच थोडी उघडावी, आल्याचा तुकडा चघळायला द्यावा. मी यातले काही केले नाही. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. कपडे खराब केलेस म्हणून. तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते बघणे अजून आठवते.

यांनी म्हटले, "पोराला मारतेस कशाला?" मी म्हटले, "तुमच्या हट्टामुळे हे झालं." ते म्हणाले, यादी कोणी केली होती? मग चढत गेले. नणंद मध्ये पडली तर तिलाही ऐकावे लागले. चेनानीचा नऊ किलोमीटरचा बोगदा आम्ही त्या अबोल्यातच पार केला. बाहेर आल्यावर अम्मींनी ड्रायव्हरला विचारले, "पटनीटॉप कुठं आलं?" तो म्हणाला, ते वर राहिले अम्मीजी, 2017 मध्ये बोगदा झाल्यापासून गाड्या वरून जात नाहीत. अम्मी गप्प झाल्या. अब्बांच्या गोष्टींमध्ये पटनीटॉपचा घाट असायचा, चढाला गाडी कशी कण्हायची, धुके कसे उतरायचे. तो रस्ता बघायला एवढ्या लांब आलो आणि तो डोक्यावरून निघून गेला. आमच्या भांडणात त्यांना हे विचारायलाही जागा मिळाली नव्हती.

रामबनच्या पुढे गाड्या थांबल्या. वर कुठेतरी दरड आली होती, दगड बाजूला करेपर्यंत वाहतूक बंद. पुढे-मागे ट्रकच ट्रक, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. एक तास गेला. दुसरा गेला. जुहरची वेळ झाली. बाटलीच्या पाण्याने वुजू करून यांनी आणि मी रस्त्याच्या कडेला चादर टाकून आळीपाळीने दोन-दोन रकात पढल्या. अम्मी गाडीतून उतरल्या नाहीत. म्हणाल्या, जरा बसते.

पुढचे नीट लिहायला हवे, कारण ते कोणाच्याही घरी होऊ शकते.

अम्मींची मान एका बाजूला कलली होती. मला वाटले, थकल्या आहेत, झोपू दे. कपाळावर घाम होता. मला वाटले, गाडी बंद आहे, उकडत असेल. खरे तर बाहेर गार वारा होता आणि मी स्वतः शाल घेतलेली होती. थोड्या वेळाने त्या काहीतरी बोलल्या आणि मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारली. मी "हो अम्मी" म्हटले आणि पोरांकडे वळले. थोरलीच म्हणाली, "मम्मी, दादीचे हात बघ." हात थरथरत होते. मी हलवले तर डोळे उघडले, पण ओळख नव्हती त्यात.

साखरेची गोळी पोटात आणि पोट रिकामे. रक्तातली साखर घसरत चालली होती आणि मी तिला थकवा समजून बसले होते. दोन्हींची सुरुवात एकसारखीच दिसते हो. मरगळ, गप्प होणे, डोके टेकणे. फरक घामात असतो, थरथरीत असतो, बोलण्यातल्या गोंधळात असतो. मला हे माहीत होते. बारा वर्षे घरात हा आजार आहे. पण त्या दिवशी माझेही डोके चालत नव्हते, दोन रात्रींचे जागरण होते, भांडणाचा राग होता.

खजुराचा डबा, बिस्किटे, साखर मोजायचे यंत्र, सगळे एका पिशवीत व्यवस्थित भरले होते. ती पिशवी टपावर ताडपत्रीखाली दोरीने बांधलेली. ड्रायव्हर चहाच्या शोधात पुढे गेलेला. हे टपावर चढून दोरीच्या गाठी सोडवायला लागले, गाठ सुटेना. नणंद रडायला लागली. तेवढ्यात शेजारी उभ्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. वयस्क, पांढरी दाढी. त्याने स्टोव्हवर चहा ठेवलेलाच होता. मी "साखर, साखर" एवढेच म्हणत होते. त्याने डबाच आणून दिला.

अम्मी गिळू शकत होत्या, हे अल्लाहचे उपकार. पूर्ण शुद्ध गेलेल्या माणसाच्या तोंडात काही घालायचे नसते, श्वासनलिकेत जाते. चार चमचे साखर थोड्या पाण्यात कालवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटे थांबलो, आणखी पाजली. त्या पंधरा मिनिटांत मी कोणती दुआ मागितली नाही! हळूहळू थरथर थांबली. मग त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि विचारले, "गाडी सुटली का?" तोवर पिशवी खाली आली होती. अर्ध्या तासाने मोजली तेव्हा साखर 96 होती. खजूर, बिस्किटे आणि त्या ट्रकवाल्याने दिलेली रोटी त्यांनी खाल्ली.

त्या माणसाने पैसे घेतले नाहीत. अम्मींशी बराच वेळ बोलत बसला. अम्मींनी सांगितले की आमचे मालकही याच रस्त्याने यायचे, एकदा रामबनला गाडी चार दिवस अडकली आणि सफरचंदे पेटीतच सडली. तो म्हणाला, तसे अजूनही होते. मग अम्मी आम्हाला उद्देशून म्हणाल्या, "ते सांगायचे, डोळे मिटायला लागल्यावर गाडी थांबवायची नसते. त्याच्या आधी थांबवायची. पहाटे दोन ते चार ते कधीच चालवायचे नाहीत. मालक ओरडला तरी नाही." यांनी मान खाली घातली. ज्या बापाने आयुष्यभर हे पाळले, त्याचा मुलगा आणि सून दोन रात्रींच्या जागरणावर म्हाताऱ्या आईला घाटात घेऊन निघाले होते. शिकाऱ्यासाठी.

रस्ता मोकळा झाला तेव्हा मगरिब होत आली होती. श्रीनगर गाठायचा विचार आता कोणाच्या मनात नव्हता. बनिहालला एका साध्या लॉजमध्ये दोन खोल्या मिळाल्या. गरम पाणी, राजमा-भात, जाड रजया. मी धाकट्याला कुशीत घेऊन माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे, पण मोबाईल दे." त्याही परिस्थितीत हसू आले.

इशाची नमाज झाल्यावर अम्मींनी आम्हा दोघांना जवळ बसवले. (घरात आम्ही दखनीच बोलतो, इथे मराठीत लिहिते आहे.) म्हणाल्या, "सफरमध्ये जुहर, असर, इशाच्या चार रकातींच्या दोन केल्या. कोणी केल्या?"

"अल्लाहने सवलत दिली, अम्मी."

"रमजान असता तर रोजाही पुढं ढकलता आला असता. मुसाफिर थकतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून फर्जमध्ये सूट दिली. आणि तुमची ही गुलमर्ग, सोनमर्गची यादी काय फर्जपेक्षा मोठी आहे? तिच्यात एक रकातही कमी होत नाही?"

मी तिथेच मोबाईल काढला आणि तिच्यातली चार नावे खोडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दहा वाजता निघालो. पोटभर नाश्ता करून, गोळी घेऊन, बाटल्या भरून. धाकटा ड्रायव्हरच्या शेजारी बसला, त्याला एकही उलटी झाली नाही. खाऊची पिशवी अम्मींच्या मांडीवर. ती पुढे घरी येईपर्यंत त्यांच्या मांडीवरून हलली नाही. जिथे स्वच्छ संडास दिसेल तिथे गाडी थांबवायची, कोणाला जायचे असो वा नसो, हा नियम नणंदेने केला. त्यामुळे पाणी प्यायची भीती गेली आणि माझी डोकेदुखीही त्याबरोबर गेली. साडेआठ किलोमीटरचा बनिहाल-काझीगुंड बोगदा संपला आणि समोर एकदम सपाट हिरवे खोरे उघडले. अब्बांच्या वेळी गाड्या जवाहर बोगद्यातून यायच्या, तो वर राहिला. पण बोगदा कोणताही असो, पलीकडे खोरे तेच. अम्मी म्हणाल्या, "हेच सांगायचे ते. अंधार संपतो आणि एकदम पान उलटल्यासारखं होतं."

श्रीनगरला आम्ही चार दिवस राहिलो. दुपारी जेवून सगळे झोपायचे, अगदी थोरलीसुद्धा. एका दिवशी निशात बाग, एका दिवशी हजरतबल. शिकाऱ्यात अम्मी बसल्याच नाहीत, डळमळते म्हणाल्या, काठावरच्या बाकावर बसून आम्हाला बघत राहिल्या. पहलगामला एक रात्र राहिलो, लिद्दर नदीच्या काठी. गुलमर्ग, सोनमर्ग, दूधपथरी राहिले. यांना थोडी हळहळ वाटली, मलाही वाटली, नाही असे नाही. थोरलीच्या मैत्रिणी गुलमर्गच्या बर्फातले फोटो दाखवतात तेव्हा ती अजून टोमणा मारते.

परतताना जम्मूला एक मुक्काम केला. झेलममध्ये अम्मींना खालचा बर्थ, पायाखाली उशी, दर तासाला नातवाचा हात धरून दरवाजापर्यंत एक फेरी. पाण्याची बाटली कोण आधी संपवतो याची पोरांनी दादीशी शर्यत लावली. दादी हरली, पण प्यायली. गोळी घ्यायची ती ताट समोर आल्यावरच, हे आमच्या डॉक्टरांनी फोनवर बजावले होते. आता घरीही तेच चालते. आणि ते यंत्र आता माझ्या पर्समध्ये असते, किराणा आणायला गेले तरी.

घरी आल्यावर दोन दिवस सगळे झोपून होतो. तिसऱ्या दिवशी शेजारची खाला अक्रोड न्यायला आली. मी चहा टाकत होते. बाहेरून अम्मींचा आवाज येत होता. "काही त्रास नाही गं. आरामात गेलो, आरामात आलो. रस्त्यात एक ट्रकवाला भेटला, अगदी यांच्यासारखा चहा करतो. साखर फार घालतो."